न बोलावता येणारे फादर

ज्याच्या ढुंगणावर जन्मखूण असते तो माणूस पनवती असतो, हे आमच्या फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात शेंबडं पोरही सांगेल. आमच्या आयसीयूत तर ही गोष्ट फारच मनावर घेतात. एखाद्या नर्सच्या ड्यूटीला लागोपाठ गंभीर पेशंट आले की बाकीच्या तिला बाथरूममध्ये नेऊन तपासायचंच तेवढं बाकी ठेवतात. त्याच हिशेबाने ड्यूटीवर कुणी पँसित आणत नाही. त्या शेवया लांब, म्हणून पेशंटची रांगही लांब. आणि "आज जरा निवांत दिसतंय" असं जो म्हणेल, त्याच्याशी ड्यूटी संपेपर्यंत कुणी धड बोलत नाही.

या सगळ्यावर कडी म्हणजे फादर गोनी. पूर्ण नाव गोर्गोनियो गेल्वेझन. ते आमच्या हॉस्पिटलचे फादर. खालच्या चॅपलमध्ये मिस्सा करायची, वॉर्डांतून हिंडायचं, आजाऱ्यांच्या कपाळाला पवित्र तेल लावायचं, हे त्यांचं काम. वॉर्डात गेले की लोक खूश व्हायचे. आयसीयूच्या दारात दिसले की मात्र बाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांची पाचावर धारण बसायची. हातात तेलाची डबी दिसली की आता शेवटची घटका आली असं समजून एखादी बाई हमखास भोवळ येऊन पडायची, आणि तिला उचलायला माझ्याच पोरी धावायच्या. मी तिथली चार्ज नर्स, निला. लहानमोठे सगळे मला मानांग म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. त्या आयसीयूत माझ्याइतकी वर्षं कुणी काढलेली नाहीत आणि माझ्याइतकं ओरडतही कुणी नाही.

आमची जोवेलिन वयाने सगळ्यात लहान आणि तोंडाने सगळ्यात मोठी. तिने एकदा फादरांना सरळ विचारलं, की तुम्हाला आहे का हो तिथे जन्मखूण? मी कपाळाला हात लावला. फादर शांतपणे म्हणाले, "अगं पोरी, ती जागा नीट बघितलेली एकच बाई होती, माझी आई. ती गेली. आता तुला माझ्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागेल." शब्द मात्र त्यांनी दिला नाही. त्यामुळे शंका होती तिथेच राहिली.

दिसायला फादर म्हणजे बुटका, ढेरपोट्या माणूस. सांधेदुखीने पायाचे अंगठे सुजायचे, म्हणून पांढऱ्या झग्याखाली कायम रबरी चपला. मूळचे गिंबालचे, मिठागरात राबणाऱ्या घरातले. फादर व्हायला सेमिनरीत जायच्या आधी ते बसवर कंडक्टर होते. इलोइलो ते सान होसे, दारात लोंबकळत, गावांची नावं ओरडत. देवाने बोलावलं, पण तो आवाज काही परत घेतला नाही. आयसीयूत हळू बोलायचं असतं हे त्यांना दर वेळी सांगावं लागायचं, आणि "हो, हो, हळूच बोलतो" हेसुद्धा ते इतक्या मोठ्याने म्हणायचे की मॉनिटर वाजलाय असं वाटून जोवेलिन वळून बघायची.

त्यांची आणि माझी भांडणं एकाच गोष्टीवरून. ते न बोलावता यायचे. दुपारी जेवण झालं की चपला फटफटवत आत, आणि या बेडपासून त्या बेडपर्यंत एकेकाला हात लावत, नाव विचारत, गाव विचारत जायचे. मी म्हणायची, फादर, आम्ही बोलावू तेव्हा या, लोक घाबरतात. त्यावर ते एकदा वैतागून म्हणाले, "निला, तेल आजाऱ्यासाठी असतं. तुम्ही माणूस संपत आला की मला बोलावता, आणि मग म्हणता फादर आले की माणूस जातो." आता यात चूक काय काढणार? पण हे शहाणपण बाहेरच्या बाकांवर चालत नाही. तिथे ज्याने जे बघितलंय तेच तो खरं मानतो, आणि तिथल्या लोकांनी फादरांच्या मागून स्ट्रेचरवर पांढरी चादर जातानाच बघितली होती.

मग नोंग पोर्फेरियोंचं प्रकरण झालं. नोंग म्हणजे दादा. हे मियागावचे नापुद घराण्यातले म्हातारे शेतकरी. न्यूमोनियाने छाती भरलेली, तोंडातून नळी, श्वासाला मशीन, आणि मशीनशी झटापट करू नये म्हणून झोपेचं औषध दिलेलं. तब्येत नाजूक होती, पण अगदी हातची गेली असं नव्हतं. नळी घालण्याआधी त्यांनीच मला तेलाचं सांगितलं होतं आणि मी ते फादरांच्या कानावर घातलं होतं. तर फादर त्यांच्या कपाळावर क्रूस काढत असताना नेमकी त्यांची मोठी मुलगी काचेबाहेर येऊन उभी राहिली. बाप डोळे मिटून निपचित, आणि फादरांचं बोट कपाळावर. तिने हंबरडा फोडला, मग फोन काढला आणि गावी कळवलं की बाबांना तेल लावताहेत.

एवढंच ती म्हणाली. पण फोनवरचं वाक्य एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत म्हातारे वारले होते. मियागावात लोक कामाला लागले. अंगणात मांडव पडला, पत्त्यांची टेबलं लागली, कारण आमच्याकडे मयताशेजारी जागायचं तर पत्ते हवेतच. नोंग पोर्फेरियोंचा भरजरी शर्टातला फोटो टाकून मोठा फ्लेक्स छापून आला. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवायला घालायला गोठ्यातलं डुक्कर कापलं. ते डुक्कर साधंसुधं नव्हतं. धाकट्या मुलीच्या लग्नासाठी म्हाताऱ्यांनी ते स्वतःच्या हाताने खाऊ घालून वाढवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मुलगे काळे शर्ट घालून माझ्या टेबलासमोर उभे. बॉडी कुठून घ्यायची, असं विचारायला लागले. मी त्यांना म्हटलं, "बॉडीचा ताप उतरलाय आणि बॉडीचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे. न्यायचीच असेल तर नळी काढेपर्यंत थांबा." धाकटा तिथेच भिंतीला टेकून हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. थोरला मात्र भडकला. बहिणीवर, गाववाल्यांवर, आणि कुणावरच पुरेसं भडकता येईना तेव्हा फादरांवर. संध्याकाळी त्याच घरून मोठं पातेलं भरून डुकराचं अडोबो आलं. एवढं मांस वाया कसं घालवायचं? आम्ही खाल्लं. फादरांनीही खाल्लं.

थोरल्याची तक्रार आमच्या आयसीयूच्या प्रमुख डॉ. व्हिलारुझ मॅडमपर्यंत गेली. बाई मनिलाहून आलेल्या, शिस्तीच्या, पण वाईट नाहीत. त्यांनी फादरांना बोलावून सांगितलं, की यापुढे आतून बोलावणं आलं तरच यायचं. मी बाजूलाच उभी होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. निदान पोरींना बाया उचलाव्या लागणार नाहीत. फादर एरवी कशावरही हसून मोकळे होणारे. त्या दिवशी हसले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे मी परत कंडक्टरच झालो. शेवटचा थांबा आला की ओरडायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही."

मॅडमना वाईट वाटलं असावं, पण हुकूम मागे घेण्यातल्या त्या नव्हेत. फादरांनी तो पाळला. दुपारी जेवण झालं की ते आता दाराबाहेर बाकावर येऊन बसायचे. काचेतून आम्हाला त्यांचं टक्कल दिसायचं. नातेवाईक आधी दोन बाकं सोडून बसत, मग एक सोडून. पण आत जे लोक पडले होते, ज्यांना कुणीतरी हात लावून नाव विचारावं असं वाटत असेल, त्यांच्यापर्यंत काही ते पोचत नव्हते. बोलावणं यायचं ते फक्त एकाच कारणासाठी. कधी कधी ते काचेला नाक लावून आत बघायचे, आणि मी ते दिसूनही न दिसल्यासारखं करायची. गंमत अशी, की फादर आत यायचे बंद झाले तरी वाईट ड्यूट्या काही बंद झाल्या नाहीत. पेशंट पूर्वीसारखेच येत होते, काही पूर्वीसारखेच जात होते. जोवेलिनने मग मॅडमच्या नव्या बुटांवर संशय घेतला.

इकडे नोंग पोर्फेरियोंची छाती साफ झाली, पण मशीन सुटेना. फुफ्फुसं तयार होती, म्हातारा तयार नव्हता. श्वासाची मशीनं सांभाळतो तो आमचा डेन्मार्क. नाव डेन्मार्क असलं तरी गडी समुद्र ओलांडून समोरच्या गिमारास बेटाच्या पलीकडे गेलेला नाही. तो मशीनचा जोर कमी करायचा, की म्हाताऱ्यांचे डोळे पांढरे व्हायचे, नाडी धावत सुटायची, हात नळीकडे जायचे. परत जोर वाढवायचा. असं रोज. शेवटी मॅडम म्हणाल्या, आता आणखी थांबता येत नाही, सोमवारी घशाला भोक पाडून तिथून नळी घालू. हे ऐकून म्हातारे भिंतीकडे तोंड करून पडले. बोलता येत नव्हतं, पण एवढं मोठं शेत कसलेला माणूस घाबरून उशी ओली करतो हे बघून मलाच कसंनुसं झालं.

शनिवारी त्यांची बायको भेटायला आली. साधी बाई. नवऱ्याचे पाय चोळता चोळता धीर द्यायला म्हणून म्हणाली, की डुकराचं काही मनाला लावून घेऊ नका, लग्नाला दुसरं बघू. म्हाताऱ्यांनी मान वळवली. पेनाने लिहायची पांढरी पाटी मागितली. त्यावर लिहिलं, "कुठलं डुक्कर?" आता हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. बाई गडबडली, आणि मग मांडव, पत्ते, फ्लेक्स, सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाटी पुसून लिहिलं, "फादरला बोलवा."

आमच्या नर्सिंग स्टेशनवर सगळ्यांनी हातातलं काम सोडलं. पेशंटने स्वतःहून फादर मागितले की काय समजायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. जोवेलिनने मॉनिटर तपासला, मी नाडी धरून बघितली. सगळं ठीक होतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, बोलावणं आतूनच आलंय ना, मग बोलवा. फादर तर दाराबाहेरच बसलेले. डबी घेऊन लगबगीने आत आले, चेहरा उतरलेला. बेडशी जाऊन डबीचं झाकण उघडतात तोच म्हाताऱ्यांनी पाटी त्यांच्या नाकासमोर धरली. लिहिलं होतं, "माझं डुक्कर कुणी कापायला लावलं?"

फादरांनी ते वाचलं. डबी खिशात घातली. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले की बोला. मग जे सुरू झालं ते भांडण मी जन्मात बघितलं नाही. एकाला तोंड होतं आणि दुसऱ्याला पाटी, आणि पाटीवाला जिंकत होता. फादर म्हणाले, माझी चूक काय, तुम्हीच तेल मागितलं होतं. पाटी म्हणाली, तेल मागितलं होतं, मांडव नाही. फादर म्हणाले, कापलं तर कापलं, दोन महिन्यांचं पिल्लूच तर होतं. त्यांना डुकरातलं ओ की ठो कळत नाही, मिठागरातला माणूस. म्हातारे संतापाने लाल झाले. पिल्लू? दोन हातांत मावलं नसतं. सकाळ-संध्याकाळ रताळ्याचा पाला, कोंडा, कधी कधी पिकलेला फणस. पाण्याचा पाइप घेऊन स्वतः आंघोळ घालायचो. हे सगळं ते लिहीत होते, पुसत होते, परत लिहीत होते. खडूवाली पाटी असती तर झिजून गेली असती.

मग फादरांना कुठून बुद्धी सुचली देव जाणे, ते माझ्याकडे वळले आणि त्या कंडक्टरच्या आवाजात म्हणाले, "निला, तू खाल्लंस ना? सांग यांना कसं होतं." म्हाताऱ्यांची नजर माझ्यावर. खोटं बोलायला सुचेना. मी म्हटलं, "चांगलं होतं, नोंग. चरबी जरा जास्त वाटली." त्यांनी पाटी ओढून घेतली आणि इतक्या जोरात लिहिलं की पेन चिरकलं. "खोटं! तुम्हाला शिजवता आलं नाही!"

तेवढ्यात डेन्मार्कने माझी बाही ओढली. तोंडाने काही न बोलता मशीनकडे बोट दाखवलं. सकाळी त्याने नेहमीसारखा जोर कमी करून बघायचं ठरवलं होतं, आणि म्हाताऱ्यांची बायको आली त्याआधीच तो कमी करून ठेवला होता. डुकराच्या नादात परत वाढवायचं तोही विसरला. म्हणजे इतका वेळ नोंग पोर्फेरियो स्वतःच्या छातीने श्वास घेत होते. नाडी जराशी वाढलेली, पण ती रागाची. डोळे पांढरे नाहीत, हात नळीकडे नाहीत, हाताला वेळ कुठे होता? मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी काही बोलणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि फादरांना खूण केली, की चालू ठेवा. फादरांना खूण कळली की नाही कोण जाणे, पण त्यांनी विचारलं, की बरं, ते डुक्कर रात्री घोरायचं का?

संध्याकाळी नळी निघाली. खोकून, थुंकून, पाणी ओठांना लावून झाल्यावर घोगऱ्या आवाजात म्हाताऱ्यांचा पहिला शब्द बाहेर आला. बायकोचं नाव नाही, देवाचं नाव नाही. फादरांकडे बघून म्हणाले, "पिल्लू आणून द्यायचं." फादर हो म्हणाले. आणून दिलंही, गिंबालच्या एका भाच्याकडून, ट्रायसिकल रिक्षात मांडीवर धरून. वाटेत त्या पिल्लाने झग्यावर जे करायचं ते केलं, आणि तो झगा धुवायला हॉस्पिटलच्या धोबीखान्याने नकार दिला.

सोमवारी मॅडमनी मला सांगितलं, की फादर रोज दुपारी येऊ देत. बोलावणं नको. तेलाची डबी तेवढी खिशात ठेवायला सांगा. मी म्हटलं, मॅडम, बाहेर बाया पडतील. त्या म्हणाल्या, मानांग, रोज आले तर किती दिवस पडतील? बाया पडल्या, पहिले काही दिवस. मग नातेवाइकांनी बघितलं, की हा माणूस रोज येतो, आणि आतून बरेच लोक चालत, चाकाच्या खुर्चीत, कुरकुर करत बाहेरही जातात. हळूहळू उलटं झालं. एक म्हातारी तर फादर तिच्या मुलाच्या बेडपाशी न थांबता पुढे गेले म्हणून माझ्याशी भांडली. मी अजूनही म्हणते, की माझं म्हणणं तेव्हा अगदीच चूक नव्हतं, लोक खरंच घाबरायचे. फादर म्हणतात, बरं. ते "बरं" असं म्हणतात की अंगाची लाही होते.

हे सगळं हसण्याचं झालं. एक दिवस असा आला की हसणं नव्हतं, आणि तोही सांगितल्याशिवाय फादरांचं चित्र पुरं होत नाही.

केझिया नावाची मुलगी होती. हारोच्या कॉलेजात शिक्षिका व्हायला शिकत होती. डेंग्यूने आत-बाहेर सगळं बिघडलेलं, कितीतरी दिवस आमच्याकडे होती, आणि आम्ही तिला ओढून परत आणली होती. बोलायला लागल्यापासून ती आम्हाला मार्क द्यायची. सुई टोचण्यात जोवेलिनला दहापैकी नऊ, डेन्मार्कला विनोदात तीन, मला प्रेमळपणात सहा. मी भांडून साडेसहा करून घेतले होते. दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डात हलवायचं ठरलं होतं, वॉर्डातला बेडही ठरला होता. त्याच सकाळी तिच्या फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकली. आम्ही जे काही येतं ते सगळं केलं. मॅडमनी थांबा म्हटलं तरी जोवेलिनचे हात तिच्या छातीवरून सुटेनात, मला ते धरून बाजूला करावे लागले.

घरचे लोक बाप्टिस्ट, फादरांच्या पंथाचे नव्हेत. त्यांचे पाद्री आले, प्रार्थना झाली, आईला दोघांनी धरून नेलं. बेड पुसून झाला, नवी चादर पडली. दुपारची जेवणाची वेळ होती. जोवेलिन औषधांच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून उभी. डेन्मार्क एकच मशीन पुन्हा पुन्हा पुसतोय. मॅडम संगणकासमोर बसलेल्या, पडद्यावर काही नाही. मला म्हणायचं होतं, चला, दोन घास खाऊन घ्या, दुसरे पेशंट आहेत. एरवी मी हेच म्हणते, आणि ओरडून म्हणते. त्या दिवशी तोंड उघडेना. मला कुणीतरी हवं होतं.

मी फोन उचलून चॅपलचा नंबर लावला. इतकी वर्षं तो नंबर लावला की मला फक्त दोनच गोष्टी सांगायच्या असायच्या, पेशंटचं नाव आणि बेड. पलीकडून फादरांचा आवाज आला, जेवता जेवता उचललेला, तोंडात घास असलेला.

"कुठला बेड, निला?"

"बेड नाही, फादर," मी म्हटलं. "आम्हीच आहोत. येता का?"

ते आले तेव्हा धापा टाकत होते, जिने चढून आले होते. डेन्मार्कने हातातलं फडकं टाकून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. जोवेलिन औषधांच्या खोलीतून बाहेर आली. फादर बसले, आणि मग आम्हीही बसलो.